एमजीबीची काच आपोआप खाली का येते आणि रेग्युलेटर बदलण्याआधी काय तपासावे

इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहणाऱ्या एका गाडीमालकांचा प्रश्न असा आहे : त्यांच्या १९७२ सालच्या एमजीबी रोडस्टरची (उघडता येणाऱ्या छपराची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) चालकाच्या बाजूची काच पूर्ण वर केली, तरी दहा-पंधरा मिनिटांत, आणि रस्ता खराब असेल तर त्याहून लवकर, चार-पाच बोटे खाली येते. गॅरेजमधल्या सल्ल्यानुसार त्यांनी नवा रेग्युलेटर, म्हणजे हँडल फिरवल्यावर काच वर-खाली करणारी दरवाजाच्या आतली यंत्रणा, बसवून घेतला. तीन आठवडे काच जागेवर राहिली आणि मग पुन्हा घसरू लागली. आता दुसरा रेग्युलेटर मागवावा की काच वर करून कायमची चिकटवून टाकावी, असे त्यांनी विचारले आहे.

तुमचा प्रश्न कोणता भाग विकत घ्यावा असा असला, तरी खरी अडचण त्याच्या आधीची आहे. हँडलपासून काचेपर्यंत जोर पोहोचवणारी चार-पाच भागांची साखळी दरवाजाच्या आत असते आणि तिच्यातली नेमकी कोणती कडी सुटते आहे, हे अजून कोणी पाहिलेले नाही. रेग्युलेटर हा त्या साखळीतला एक भाग आहे. तो खोक्यात तयार मिळतो, म्हणून दोष पहिल्यांदा त्याच्यावर येतो. काच चिकटवण्याचा विचार मात्र आत्ताच सोडून द्या. दुरुस्त होऊ शकणारी वस्तू त्यामुळे कायमची निकामी होईल.

मी हे काम पुण्यात अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीवर शिकलो आणि गेली सव्वीस वर्षे इंग्लंडच्या मिडलँड्स भागात जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या बॉडीची कामे करतो. अ‍ॅम्बेसेडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिचे जुने १४८९ सीसीचे इंजिन व एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन एकाच कुळातले; त्यामुळे इथे आल्यावर बॉनेटखालचे बरेच काही ओळखीचे वाटले. दरवाजाच्या आतले दुखणेही ओळखीचेच होते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत काच आणि रबर यांच्यामध्ये घडी घातलेला पुठ्ठा खोचलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ते दुखणे समजावून सांगावे लागत नाही.

एमजीबीत ही तक्रार जास्त जाणवण्याला तिची रचनाही कारणीभूत आहे. तिच्या आधीच्या एमजीए रोडस्टरला वर-खाली होणाऱ्या काचा नव्हत्या, अडकवायचे आणि काढायचे बाजूचे पडदे होते. १९६२ साली एमजीबी आली ती हँडलने फिरणाऱ्या काचा घेऊन. पण दरवाजाला वरची चौकट नाही. त्यामुळे वर आलेल्या काचेला पुढून त्रिकोणी काचेच्या मागच्या उभ्या दांड्याचा आणि मागून दरवाजाच्या आत असलेल्या उभ्या चॅनलचा एवढाच आधार मिळतो. चौकट असलेल्या दरवाजात वरचे रबर काचेला थोडे धरून ठेवते आणि यंत्रणेतला ढिलेपणा झाकला जातो. इथे तो लगेच दिसतो.

आता साखळी पाहू. हँडल एका दातेरी आसावर बसते. त्या आसाच्या छोट्या दंतचक्राचे दाते एका मोठ्या, अर्धवर्तुळाकार दातेरी पत्र्यात अडकतात. तो पत्रा फिरला की त्याला जोडलेला हात वर-खाली होतो. हाताच्या टोकाला रोलर असतो आणि तो काचेच्या खालच्या कडेला बसवलेल्या लोखंडी पट्टीच्या खाचेत मागे-पुढे सरकतो. या पट्टीला दोन तोंडे आहेत : वरच्या तोंडात रबर घालून काच घट्ट बसवलेली असते आणि खालच्या तोंडात रोलर धावतो. हँडलच्या मुळाशी, एका छोट्या वाटीत, गुंडाळलेली स्प्रिंग असते. हँडल फिरवले की ती आकसते आणि वाटीत मोकळी फिरते. उलट काचेच्या वजनाने दात्यांकडून जोर आला, की ती फुगून वाटीला आतून घट्ट धरते. काच वर राहते ती या ब्रेकमुळे. पाच मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. त्या हिशेबाने एवढ्याशा दरवाजाची काच तीन किलोच्या आसपास असते. पण खडबडीत रस्त्यावर तेच वजन सतत ठोके देत राहते आणि झिजलेली स्प्रिंग प्रत्येक ठोक्याला थोडी सुटते.

म्हणून पहिली तपासणी अशी करा, आणि तिला एकही पाना लागत नाही. काच पूर्ण वर करा. हँडल कोणत्या कोनात थांबले ते नीट पाहून ठेवा, म्हणजे थोडा फरकही डोळ्यांना कळेल. मग दरवाजा उघडा ठेवून दोन्ही तळहातांनी काचेची वरची कड सावकाश खाली दाबा. झटका देऊ नका. काच खाली येताना दोन गोष्टी पाहायच्या आहेत : हँडल तिच्याबरोबर फिरते का, आणि काच सपाट उतरते की एका कोपऱ्याकडे कलते.

हँडल फिरत असेल, तर ब्रेकची स्प्रिंग काम करत नाही. अशा वेळी दोष रेग्युलेटरचाच आहे आणि नवा भाग तीन आठवड्यांत गेला असेल तर तो दुकानात परत करावा. हँडल स्थिर राहून काच सपाट खाली येत असेल, तर दाते सटकत आहेत किंवा आख्खा रेग्युलेटरच दरवाजाच्या पत्र्यावर हलतो आहे. दाते सटकताना ‘कट्’ असा स्वच्छ आवाज येतो. स्क्रू सैल असतील तर आवाज बोथट असतो आणि हँडलचे मूळ पत्र्याला धरून किंचित सरकताना दिसते. हँडल स्थिर आणि काच मात्र पुढे किंवा मागे कललेली, असे दिसले, तर रोलर खालच्या पट्टीतून निसटतो आहे. हँडल नुसतेच गोल फिरत असेल आणि काच जागची हलत नसेल, तर हँडलच्या आतले किंवा आसावरचे दाते गेले आहेत.

आणखी एक तक्रार वेगळी ओळखायला हवी, कारण तिलाही लोक ‘काच घसरते’ असेच म्हणतात. काच खाली करायला हँडल फिरवले, पण काच वरच अडकून राहिली आणि पुढच्या खड्ड्यात धप्पकन खाली आली, तर पट्टी काचेपासून सुटली आहे. काच पट्टीवर बसलेली असल्यामुळे वर ढकलताना काहीच बिघडलेले जाणवत नाही. पट्टी खाली जाताना मात्र काचेला सोबत नेत नाही. यात रेग्युलेटर कितीही वेळा बदलला तरी फरक पडणार नाही.

तुमची काच नेमकी कशी उतरते, हे तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून मी निकाल देत नाही. मात्र नव्या रेग्युलेटरने तीन आठवडे बरे वाटले आणि मग तेच पुन्हा सुरू झाले, यावरून माझा संशय खालच्या पट्टीवर आहे. गेल्या शरद ऋतूत आमच्याकडे एक एमजीबी जीटी, म्हणजे पक्क्या छपराची एमजीबी, अशाच तक्रारीने आली होती. दरवाजाचा पॅड (आतल्या बाजूचे आच्छादन) काढून दिवा आत धरला, तेव्हा पट्टीचे खालचे तोंड पुढच्या टोकाला फाकलेले दिसले. गंजाने काठ कागदासारखे पातळ झाले होते आणि त्या तपकिरी पट्टीवर एकच चकाकती रेघ होती : रोलर दर वेळी जिथून निसटत होता, ती जागा. रेग्युलेटर नवाकोरा होता. नवा रोलर जुन्या काठांत काही दिवस अडकून राहिला, काठ आणखी फाकले, आणि तक्रार परत आली.

गंज इथेच का धरतो, तेही सांगतो. काचेच्या बाहेरच्या अंगाने पाऊस दरवाजात उतरणारच, ते गृहीत धरूनच दरवाजाच्या तळाला निचऱ्याची भोके ठेवलेली असतात. काचेवरून ओघळणारे पाणी आधी पट्टीच्या वरच्या तोंडात साचते. तिथले रबर पन्नास वर्षांत कडक होऊन आकसते, फटीत पाणी राहते, आणि इंग्लंडच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठही त्यात मिसळते. गंजलेले लोखंड फुगते. फुगताना ते काचेला वर ढकलते आणि पट्टीचे काठही उघडते. वरच्या आणि खालच्या तोंडाचे दुखणे अशा रीतीने एकाच पाण्यातून सुरू होते.

दरवाजा उघडताना घाई करू नका. हँडल मधल्या स्क्रूने धरलेले असते. पण आधीच्या मालकाने दुसऱ्या गाडीचे हँडल बसवले असेल, तर पद्धत वेगळी असू शकते. स्क्रू बहुतांशी पॉझिड्राइव्ह तोंडाचे आहेत. साधा चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यांत बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की डोके खराब करतो. पॅडच्या मागे हार्डबोर्ड असतो आणि तो ओलाव्याने मऊ झालेला असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून पॅड कडेने कुठेही ओढू नये. रुंद, चपटे हत्यार प्रत्येक क्लिपच्या अगदी शेजारी घालूनच तो उचलावा. रेग्युलेटरचा कोणताही स्क्रू सोडण्यापूर्वी काच पूर्ण वर करून रुंद चिकटपट्टीचे दोन पट्टे तिच्या वरच्या कडेवरून दरवाजाच्या दोन्ही अंगांवर लावा. ज्या रेग्युलेटरवर घड्याळातल्यासारखी चपटी गुंडाळलेली स्प्रिंग असते, त्याचा हात मोकळा होताच जोरात फिरतो. तिथे बोटे ठेवू नका.

आत दिवा धरल्यावर काच, पट्टी आणि रोलर हे तिन्ही एकदम दिसतील अशा उंचीवर काच आणा. काचेवर आणि पट्टीवर मिळून एक उभी रेघ मार्करने ओढा. काच वीस वेळा वर-खाली करून रेघ पुन्हा पाहा. रेघ तुटली असेल, तर काच पट्टीत सरकते आहे. याच वेळी रोलर खाचेच्या पूर्ण लांबीत कसा धावतो ते पाहा आणि पट्टीचे काठ बोटाने चाचपा, अर्थात हातमोजे घालून.

पट्टी खराब निघाली, तर काच बाहेर काढावी लागेल. रोलर पट्टीतून मोकळा करून आणि मागच्या उभ्या चॅनलचे बोल्ट सोडून ते बाजूला सरकवले, की काच वरून उचलून काढता येते. पट्टी काढण्यापूर्वी तिचे पुढचे टोक काचेच्या पुढच्या कडेपासून किती अंतरावर आहे, ते मोजून लिहून ठेवा. शक्य असेल तर दुसऱ्या दरवाजातही मोजा, कारण आधी कोणीतरी चुकीच्या जागी बसवलेली पट्टीही मी पाहिली आहे. पट्टी बोटाच्या रुंदीएवढी पुढे-मागे गेली, तरी हाताचा जोर एका बाजूला पडतो आणि काच वर येताना चॅनलमध्ये अडकते.

ही काच टफन्ड, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केलेली आहे. सपाट अंगावर ती पुष्कळ सहन करते, पण कडेवर आणि कोपऱ्यावर लोखंडाचा हलका ठोकाही तिला पुरतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी अशी एक काच माझ्या हातात फुटली. पट्टी निघत नव्हती, म्हणून मी लहान हातोडीने कोपऱ्याजवळ ठोकले आणि क्षणात माझ्या मांडीवर काचेचे दाणे पडले. तेव्हापासून पट्टी रात्रभर गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवतो, दुसऱ्या दिवशी लाकडी ठोकळा पट्टीला लावून तिच्या लांबीभर थोडे-थोडे ठोकतो, आणि डोळ्यांवर चष्मा घातल्याशिवाय सुरुवात करत नाही.

पट्टीचे काठ जाड असतील, तर ती घासून, प्रायमर आणि रंग लावून पुन्हा वापरता येते. काठ वाकत असतील तर नवीच घ्या. तिची किंमत रेग्युलेटरच्या मानाने कमी असते. नव्या रबराची जाडी दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नका. पट्टीच्या तोंडाची आतली रुंदी मोजा, तिच्यातून काचेची जाडी वजा करा आणि उरलेल्याचे दोन भाग करा. तोंड नऊ मिलिमीटर आणि काच पाच मिलिमीटर असेल, तर प्रत्येक बाजूला दोन मिलिमीटर जागा उरते. रबर त्याहून किंचित जाड हवे. काचेची कड स्पिरिटने पुसून रबर तिच्यावर घडीसारखे बसवा, बाहेरून साबणाचे पाणी लावा आणि पट्टी हाताने दाबा. हाताने निम्मी बसली आणि उरलेली रबरी हातोडीने लाकडावर ठोकून बसली, तर जाडी बरोबर आहे. नुसत्या हाताने पूर्ण बसली तर रबर पातळ आहे. बाहेर राहिलेले रबर धारदार पात्याने कापा, नाहीतर तेच चॅनलमध्ये घासते. मग काच एक रात्र तशीच उभी ठेवा, म्हणजे साबणाचे पाणी सुकेल.

रबराऐवजी चिकटद्रव्य वापरावे का, यावर आमच्या व्यवसायात दोन मते आहेत. पुढची काच बसवायचे पॉलियुरेथेन मजबूत असते आणि पट्टीचे तोंड थोडे वेडेवाकडे असेल तर ते उपयोगी पडते. पुढे कधी पट्टी काढायची झाली तर मात्र ते कापत बसावे लागते. मी रबरच पसंत करतो, कारण ही गाडी आणखी पन्नास वर्षे चालावी आणि पुढच्या माणसालाही ती उघडता यावी, असे मला वाटते. व्हिनेगरचा वास येणारे सिलिकोन कदापि वापरू नका. सुकताना त्यातून निघणारे आम्ल लोखंडाला गंज चढवते. एपॉक्सीही नको, कारण ते दगडासारखे कडक होते आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट काचेच्या कडेला देते.

काच बाहेर आहे तोवर रेग्युलेटर शिकंज्यात (व्हाइसमध्ये) धरून तपासून घ्या. त्याचा हात काचेच्या वजनाच्या दिशेने तळहाताने दाबा. आस जराही फिरू नये. दातेरी पत्र्याचा जो भाग काच वर असताना कामात असतो, तिथले दाते इतर दात्यांशी ताडून पाहा. काच बहुतेक वेळ वरच्या टोकाला असते, म्हणून झीजही तिथेच आधी दिसते. हात जिथे रिव्हेटने जोडला आहे तिथला खेळही पाहा. जुना मूळचा रेग्युलेटर तुम्ही फेकला नसेल, तर त्याचीही हीच परीक्षा घ्या. नव्याने बनवलेल्या भागांपेक्षा जुना, नीट साफ केलेला भाग सरस ठरल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. दात्यांना आणि रोलरला ग्रीस लावा, पण ब्रेकच्या वाटीत पातळ तेलाचा फवारा मारू नका.

यानंतरचे काम लोक टाळतात, आणि नवे भाग लवकर जाण्याचे मोठे कारण तेच असते, ते म्हणजे उभी चॅनल. त्यांच्यातले मखमली अस्तर कडक झाले असेल किंवा चॅनल वाकडे बसले असेल, तर काच शेवटच्या चार बोटांत जड होते. माणूस हँडलवर जोर लावतो. तो सगळा जोर दात्यांवर, रिव्हेटवर आणि पट्टीच्या काठांवर पडतो, आणि त्यातला जो भाग सर्वांत कमकुवत असेल तो आधी जातो. म्हणून रेग्युलेटर जोडण्याआधी काच नुसत्या हाताने वर-खाली सरकवून पाहा. दोन हातांच्या बोटांनी ती पूर्ण उंचीपर्यंत न अडता जायला हवी आणि वर असताना आत-बाहेर हलवली तर खडखडता कामा नये. अस्तर खराब असेल तर बदला. चॅनलमध्ये ग्रीस किंवा तेल घालू नका. धूळ बसून त्याचा लगदा होतो. सुकणारा सिलिकोन स्प्रे पुरेसा आहे.

जुळवताना त्रिकोणी काचेचे, चॅनलचे आणि रेग्युलेटरचे सगळे बोल्ट आधी नुसत्या बोटांनी आवळा. काच पूर्ण वर न्या, दरवाजा बंद करा, छप्पर चढवा, आणि काच छपराच्या रबराला सारखी टेकते का ते बाहेरून पाहा. मग दरवाजा हलकेच उघडून, काच त्याच जागी ठेवून, बोल्ट थोडे-थोडे आळीपाळीने आवळा. प्रत्येक फेरीनंतर काच एकदा खाली-वर करा; जिथे ती जड झाली, तो शेवटी आवळलेला बोल्ट पुन्हा सैल करा. या कामाला माझा एक तास सहज जातो आणि तो मी कधीच वाचवत नाही. रेग्युलेटरच्या स्क्रूंना स्प्रिंग वॉशर आहेत ना, तेही पाहा. तुमच्या बाबतीत दोष केवळ हे स्क्रू सैल होण्याचाही असू शकतो. तसे निघाले तर खर्च जवळजवळ शून्य येईल.

पॅड लावण्याआधी तळाची निचऱ्याची भोके तारेने मोकळी करा, आतल्या शिवणींवर गंजरोधक मेण मारा आणि पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद नीट चिकटवा. तो नसेल तर हार्डबोर्ड पुन्हा भिजेल. हँडल दुसऱ्या दरवाजाच्या हँडलशी जुळेल अशा कोनात बसवा.

पंधरा दिवस गाडी चालवल्यावर पॅड एकदा पुन्हा काढून मार्करची रेघ आणि स्क्रू तपासा. त्याआधी, अजून काहीही विकत न घेता, काच दाबून पाहण्याची ती पहिली तपासणी करा आणि हँडल फिरले का, काच कोणत्या कोपऱ्याकडे कलली, एवढे दोनच तपशील मला कळवा; त्यावरून कोणता भाग मागवायचा हे नेमके सांगता येईल.